गवतातला बाण

नेम चुकला की लाकडी बाण गवताच्या मुळाशी शिरून आडवा पडतो, वरून मुळीच दिसत नाही. म्हणून आम्ही चपला काढून, पाय न उचलता, घासत घासत त्याला शोधतो. काल माझ्या मैत्रिणीचा, सुलभाचा बाण असाच गेला. तो तिच्या वडिलांनी तासलेला. आप्पांचे हात आता थरथरतात, त्यांच्याकडून नवा बाण व्हायचा नाही. ते बांधावर बसून आमच्याकडे बघत होते.

"सावकाश गं," एवढंच म्हणाले.

पायाला साधी काडी लागली तरी जीव दचकायचा. माणसांच्या दुखऱ्या जागाही अशाच असतात. आपण मायेनं जवळ जातो आणि नेमका तिथंच पाय पडतो. जाऊच नये म्हणावं, तर ते माणूस तिथंच एकटं कुजत पडणार. मग करायचं तरी काय?

ऊन उतरलं. सुलभा दमली होती. एकदाच तिनं पाय उचलून पुढे टाकला आणि खालून कटकन आवाज आला. ती तशीच उभी राहिली. पाय काढून बघायचं धाडस तिचं होईना, माझंही होईना.

आप्पांना कमी ऐकू येतं. आम्ही थांबलेल्या बघून त्यांनी बांधावरूनच आनंदानं विचारलं, "सापडला का गं?"