अंगाची विचारपूस

"ते ऱ्हाऊ दे. अंगाचं काय झालं, ते सांग."

कोयनानगरात जमीन हलली, की लालासाहेबांचा हा सवाल ठरलेला. फौजेतून निवृत्त झालेला हा उंच माणूस धक्का ओसरला की दारोदार फिरायचा. भिंतीला तडा गेला का, हे विचारणारे पुष्कळ होते. लालासाहेब विचारत, कुणाच्या अंगात काय झालं. आळीतल्या केरबाचे गुडघे गार पडत. शेजारच्या मंगलला शिंका येत. खुद्द लालासाहेबांना, सीमेवर तोफगोळ्यांत उभं राहिलेल्या माणसाला, सपाटून भूक लागे. धक्का एकच, मग माणसागणिक अंग वेगळं का बोलतं? या कोड्यानं त्यांना पछाडलं होतं.

सुनेला मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. राजेश्वरी साताऱ्याची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. भांडी वाजली की सारी आळी ओरडत बाहेर येई. ही शेगडीपुढं तशीच उभी, चेहऱ्यावर रेघ नाही. एकदा धावपळीत सासू, मनुबाई, उंबऱ्यावर पडल्या, तरी ही जागची हलली नाही. पोरीला माया नाही, हे मनुबाईंनी तेव्हाच ठरवलं. तिचा नवरा उदयसिंह सुट्टीवर आला, की हिला माहेरी धाडायचं. राजेश्वरीला हे ठाऊक होतं. पण पाय का उचलत नाहीत, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं, तर सांगणार काय?

त्या दुपारी फडताळातली ताटं किणकिणली. मनुबाई किंचाळत बाहेर पळाल्या. जमीन थांबल्यावर लालासाहेब दारात आले आणि पहिल्यांदाच त्यांनी सुनेला तो सवाल केला. ती पदराला तळवे पुसत राहिली. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा नाही, ही घरची रीत. ते मागून आत आलेल्या बायकोकडं वळले.

"अगं, हात धर तिचा. मनगट चाचप."

मनुबाईंनी नाखुशीनंच धरला. तळवा ओलाचिंब, गार. बोटांखाली नाडी नुसती पळत होती. मग त्या आपलं मनगट सुनेपुढं करून म्हणाल्या, "आता माजं बघ."

ती नाडी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी निवांत होती.

"आत्या, तुमचं तर कायच न्हाई."

"आरडलं की माजं भ्या उतरतं. तुजं आतच कोंडतं व्हय गं?" राजेश्वरीनं मान डोलावली. मनुबाई म्हणाल्या, "फुडच्या टायमाला मीच हाताला धरून भाईर काढीन."

असं का होतं, ते लालासाहेबांना कळलं नाही. डब्यातले मूठभर शेंगदाणे घेऊन ते केरबाच्या घराकडं निघाले. आता त्यांना साऱ्या आळीची मनगटं बघायची होती. वळणाआड त्यांची पाठ जाईपर्यंत दोघी उंबऱ्यातून बघत राहिल्या. मनुबाईंनी हात अजून सोडला नव्हता.