काकांचा राहिलेला नमस्कार

हवेला गुद्दे मारणारी माणसं मुंबईत पैशाला पासरी मिळतील. पण हवेकडून मार खाऊन घरी येणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणतो. भोईवाड्यातल्या त्यांच्या चाळीच्या तळमजल्यावर एक हॉल होता, तिथे ते कराटे शिकवत. संध्याकाळी पोरं घरी गेली की काका एकटेच मागे राहत, समोर कोणी नसताना एक डाव खेळत, आणि वर येत तेव्हा दोन्ही हातांवर ताजे वळ! मावशी आंबेहळद उगाळून बसलेलीच असायची. "आज जास्त लागलंय," ती म्हणायची. "त्याचा मूड बरा नव्हता," काका म्हणायचे. आणि मग दोघं निवांत बांगड्याचं तिखलं जेवायला बसायची. मी लहानपणी त्यांच्याकडे राहायला गेले की जेवायचं सोडून काकांचे वळच मोजत बसायची.

काकांना वाकून नमस्कार करायचं जबर वेड. दूधवाल्याला वाकणार, वॉचमनला वाकणार, जिन्यात आडव्या पडलेल्या मांजरीलासुद्धा वाकून मगच पुढे जाणार. मासळीबाजारात एकदा पापलेटाच्या पाटीसमोर असे कमरेत वाकले, तर कोळीण खेकसली, "आरं वाकतंस काय? घ्यायचा तं घे, नाय तं पुढं हो!" काका तिलाही वाकले. म्हणायचे, "नमस्कारानं सुरू, नमस्कारानं बंद. मधली मारामारी ही नुसती हौस." पण गंमत बघा, तो हवेशी चालणारा डाव संपला की हा माणूस कधीच वाकत नसे. मध्येच थांबायचे, पाठ फिरवायचे, दिवा बंद करून सरळ वर. मांजरीला नमस्कार आणि ह्याला नाही!

बाकीच्या क्लासांत जपानी आकडे घोकतात. काकांचा क्लास मालवणी गाऱ्हाण्यानं सुरू व्हायचा. गावी देवळात घालतात तस्सं. सगळी पोरं रांगेत, काका हात जोडून पुढे. "बा देवा म्हाराजा! जो कोण हयसर उभो आसा, दिसणारो नायतर न दिसणारो, त्याका राजी कर रे म्हाराजा!" आणि पोरं एका सुरात, "व्हय म्हाराजा!" त्यात गुजराती पोरं होती, बिहारी होती, सगळी जीव तोडून ओरडायची. खिडकीजवळची एक जागा मात्र रांगेत कायम मोकळी. चाळीचे सेक्रेटरी एकदा चेष्टेत चहाचा कप घेऊन नेमके तिथे जाऊन उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, "इथं गार का लागतंय हो?" मे महिना होता. त्यानंतर ते चाळीच्या मीटिंगासुद्धा दारात उभं राहूनच घेत.

क्लासला पोरं विषम आली की उरलेल्याला जोडीदार म्हणून ती मोकळी जागा मिळे. सुट्टीत राहायला गेले की मीही क्लासला उतरायची, तेव्हा एकदा माझी पाळी आली. "मार बिनधास्त, त्याका लागूचा नाय," काका म्हणाले. मी वैतागून जोरात गुद्दा हाणला. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. मी थांबवला नव्हता हो! कोणीतरी मनगटाखाली तळवा धरावा, तसा अलगद थांबला. मी रडतच वर पळाले. मावशीनं काही न विचारता माझ्याही मनगटाला हळद लावली.

मोठी झाल्यावर मी काकांना धरलंच. "काका, आज सांगायचंच. कोण आहे तो?"

ते हॉलच्या पायरीवर बसले. सांगू लागले की तरुणपणी ते भयंकर भित्रे, गल्लीतली पोरं टपल्या मारून जायची. समोरच्या खोलीतल्या दोस्तानं कॉलर धरून त्यांना कराटेला नेलं. दोघं कायमचे जोडीदार. "मारूक कोण पण शिकता गो. बोटभर अलीकडे हात थांबवूचो, ह्या त्यानं शिकवल्यान." एके दिवशी दोस्तानं त्यांना सगळ्यांसमोर हरवलं. काका रागानं नमस्कार न करताच निघून आले. दोस्त तसाच वाकून उभा होता. दुसऱ्या दिवशी तो गावी गेला, तिथे तापानं गेला.

"म्हणजे डाव अजून चालूच आसा," काका म्हणाले. "मी वाकलंय की डाव संपलो. मग तो कित्याक येतलो?"

पाच-सहा वर्षांपूर्वी चाळ टॉवरला गेली. हॉल पाडायला माणसं यायची होती. इतकी वर्षं नुसती हळद उगाळणारी मावशी त्या दिवशी नारळ घेऊन खाली उतरली. "अहो, पुरे आता. ह्या भिंती पडल्या तर तो पोर उभा कुठे राहणार? सोडा त्याला."

क्लासची पोरं शेवटची रांगेत उभी राहिली, मीही मागे होते, आणि काकांनी गाऱ्हाणं घातलं. "ह्याका आता वाट दाखय रे म्हाराजा..." पुढे आवाज फुटेना. पोरांनीच "व्हय म्हाराजा" म्हणून ते पुरं केलं. मग गुडघे कुरकुरत असतानाही काका शेवटचा डाव खेळले, थांबले, आणि खिडकीकडे तोंड करून कमरेत वाकले. कितीतरी वेळ वाकूनच होते. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी.

तसेच वाकलेले असताना त्यांनी मला विचारलं, "तो वाकलो काय गो?"

"हो काका," मी म्हटलं. "तुमच्याआधीच."

आता नव्या टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या गच्चीवर, क्लास चालतो. एखादं पोर एकटं उरलं की काका स्वतः त्याचे जोडीदार होतात. हातांवर वळ नाहीत. जेवायच्या आधी ते दोन्ही हात उलटसुलट करून बघत बसतात, आणि मावशी सवयीनं आंबेहळद उगाळते, मग लक्षात आलं की वाटी तशीच झाकून ठेवते. तिला वाटतं, मी त्या दिवशी म्हाताऱ्याचं मन राखायला खोटं बोलले. मीही तिला तसंच वाटू दिलंय.