चाळिसावं नाव

डोळे मिटायला लागले आहेत, आणि ते मिटू नयेत असं वाटतं आहे. रविवारची दुपार. सहा वर्षांची सावनी माझ्या पोटाशी पाय दुमडून झोपली आहे. तिला संस्थेच्या शाळेत पहिलीला घालायचं की नाही, हे मला उद्या अकरापर्यंत कळवायचं आहे. संस्थेच्या एकवीस शाखा. त्यांतल्या सात शाखांवर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तेहतीस वर्षं शिकवलं. त्यांना जाऊन आठ महिने झाले. "गुरुजींच्या नातीची जागा राखून ठेवलीय," मुख्याध्यापिका नलवडेबाई काल फोनवर म्हणाल्या. "तुम्ही फक्त हो म्हणा." तेवढंच माझ्याच्यानं होत नाही.

पंखा फिरतो आहे. मग तो व्हरांड्यात फिरतो आहे, आणि व्हरांडा शाळेचा आहे.

अण्णा टेबलाशी हजेरी उघडून बसले आहेत. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं.

"उशीर केलास, वैजू."

"जेवलात का, अण्णा?"

"आधी पट बघू दे. एकोणचाळीस भरतात. एक कमी पडतंय."

 चाळीस मुलं भरली नाहीत तर तुकडी तुटते आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. म्हणून तपासणीच्या दिवशी एका शाखेची मुलं टेम्पोत घालून दुसऱ्या शाखेत नेऊन बसवायचे. सातव्या वर्षी मीही गेले होते. अण्णांनीच नेलं. "आज तू शेवंता राऊ कोळेकर. साहेबांनी नाव घेतलं की हजर म्हणायचं. हसायचं नाही." मी हसले नव्हते. परत येताना त्यांनी मला लिमलेटची गोळी घेऊन दिली होती.

व्हरांड्याची पायरी उतरते, तर आमचं आताचं स्वयंपाकघर. ओट्यापलीकडे वर्ग भरलेला आहे. सगळी मुलं पाठमोरी. एकही चुळबुळ करत नाही.

"ती शेवंता कोण होती, अण्णा? तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"श्रावणात गॅस्ट्रोनं गेली. नाव कमी केलं असतं तर तुकडी तुटत होती."

"गेलेल्या पोरीच्या जागी मला बसवलंत?"

"तासाभरासाठी, बाळ. नाहीतर घोलपगुरुजींना पार टोकाच्या शाखेवर टाकलं असतं. एसटी जात नव्हती तिथं, आणि त्यांची बायको ओली बाळंतीण." अण्णा पेनाचं टोपण काढतात. "सावनीचं नाव घालतो. इथं दाखलाबिखला लागत नाही."

"ही कुठली शाखा आहे?"

"बाविसावी."

मी पाठमोऱ्या मुलांकडे बघते. आता मला ती मोजायची नाहीत.

"आजोबा!" सावनी ओट्याशी उभी आहे. नवा गणवेश, गळ्यात पाण्याची बाटली. तिला किती आनंद झाला आहे. ती धावते आणि मी तिचा दंड पकडते.

"आई, दुखतंय ना! सोड की."

"तपासणी होईपर्यंतच," अण्णा मऊ आवाजात म्हणतात. "परत आणून सोडतो."

"तेव्हाही असंच म्हणाला होतात."

"मग, आणलं नव्हतं का परत?"

मी सावनीचा दंड आणखी घट्ट धरते.

बाहेर लिफ्टचं दार सरकतं. बुटांचा आवाज. कुणीतरी दारातूनच नावं घ्यायला लागतं आणि पाठमोरी मुलं एकेक करून हजर म्हणतात. छत्तीस. सदतीस. अण्णा माझ्याकडे बघतात. दवाखान्यातल्या शेवटच्या रात्रीही ते घाबरले नव्हते. आता ते पेनाचं टोपण पुन्हा पुन्हा लावतात आणि काढतात.

"वैजू, तुकडी तुटेल गं."

मी सावनीला ओट्याखाली ढकलते आणि रिकाम्या बाकावर जाऊन बसते. बाक पहिलीतल्या मुलांचा आहे. गुडघे फळीखाली अडकतात, पुढे सरकता येत नाही, मागे येत नाही. माझ्या मुलीचं पूर्ण नाव दारातून येतं.

"हजर," मी म्हणते.

शेजारची मुलगी मला जागा देते. तिच्या वेणीला लाल रिबीन आहे.

"तू मागं एकदा आली होतीस," ती म्हणते.

मी उठून बसते तेव्हा चार वाजले आहेत. सावनी पलंगाच्या कडेला बसून बिस्किट खाते आहे. मी तिचा दंड बघते. दंडावर काही नाही. उद्याची वाट न बघता मी नलवडेबाईंना फोन लावते.

"नाही घालत म्हणजे?" त्या म्हणतात. "अहो, वडिलांची शाळा तुमच्या. गुरुजी असते तर काय म्हणाले असते?"

"तेच म्हणाले असते, बाई. घाल म्हणाले असते. मी त्यांनाही नाही म्हणाले असते." मी फोन ठेवते.

उभी राहते आणि कळ येते. गाऊन वर करते. दोन्ही गुडघ्यांच्या वर, आडवी, पट्टीनं आखल्यासारखी लाल रेघ. सावनी जवळ येते. बिस्किटाचं बोट चाटून ती रेघेवर ठेवते आणि इकडून तिकडे फिरवते.

"जाईल का गं ही?" ती विचारते.

रेघ खोल आहे. सावनीचं बोट तिच्यात बसतं.