आत्याबाईंची पाठ

परतूरपासून भोकरदनपर्यंत जिला पाहून धडधाकट माणसं गल्ली बदलत आणि आजारी माणसं जिची वाट पाहत, अशी बाई निजामाच्या साऱ्या मुलखात एकच असेल, आणि ती आमच्या घरात होती. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. आता औषधानं काही व्हायचं नाही असं डॉक्टर सांगून गेले, की त्या घरी आत्याबाई जात. त्यामुळे नुसतं विरजण मागायला कोणाच्या दारात उभ्या राहिल्या, तरी घरधनी आधी स्वतःची नाडी चाचपून पाही. मग त्या ओरडत, "मेल्या, विरजण दे. तुझं अजून लई बाकी हाय!"

अशी बाई मायाळू, हळू बोलणारी असेल असं कोणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढावं. आवाज औत हाकणाऱ्याचा. स्वतःची दाढ दुखली तर सगळी गल्ली डोक्यावर घ्यायच्या. आजाऱ्याच्या घरात शिरल्या की पहिलं काम भेटायला आलेल्यांना हाकलायचं. "रडायचंय? ओसरीवर जाऊन रडा. इथली हवा त्याला पुरू द्या." दुसरं काम पथ्य मोडायचं. एका सरकीच्या व्यापाऱ्याची आई कित्येक महिने मुगाच्या पाण्यावर होती आणि ठेचा मागत होती. मुलगा घाबरून म्हणाला, "आत्याबाई, हकिमांनी तिखट बिलकुल बंद केलंय." "ज्याला बरं व्हायचंय त्यानं पथ्य पाळावं, बाबा. हिच्या जिभेला काहीतरी कळू दे," असं म्हणून त्यांनी ठेच्यात बोट बुडवून म्हातारीच्या जिभेला लावलं. म्हातारीनं डोळे मिटले, चघळलं आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." मुलगा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसला.

दुखण्यावरचे अफूचे थेंब मात्र डॉक्टरांचे. कळ उसळायच्या आधी द्यायचे, उसळल्यावर नाही, हेही आत्याबाईंना डॉक्टरांनीच शिकवलं होतं. पण घरच्यांकडून ते पाळून घेणं डॉक्टरांना जमत नसे, कारण ते कोणाच्या अंगावर ओरडत नसत.

मग आमच्याच घरची पाळी आली. सासऱ्यांचं हृदय थकलं, पाय सुजले, छातीत पाणी झालं. आडवं झालं की जीव गुदमरायचा. आत्याबाई दारात दिसल्या तेव्हा ते म्हणाले, "आक्का, तू आलीस म्हंजे माझं उरकलंच की."

"उरकायला काय सुगी हाय? सरळ बस."

या बहीणभावांचं आयुष्य भांडण्यात गेलं. लहानपणापासूनची रीत अशी, की बिनसलं की एकमेकांकडे पाठ करून बसायचं. सासऱ्यांची साठी उलटली तरी ती रीत सुटली नव्हती. आत्याबाईंनी कापसाच्या रुईचं एक पोतं आणवून बाजेवर त्यांच्या पाठीशी लावलं आणि त्या रात्रीपासून ते बसून का होईना, झोपू लागले.

शेवटच्या दिवशी सकाळीच श्वास ओढायला लागला. थोरले दीर हात जोडून म्हणाले, "आत्या, बाबाला खाली घेऊ दे. बाजेवर जीव गेला तर गती मिळायची न्हाई." आमच्याकडे तसंच करतात. सारवलेल्या भुईवर घेऊन आडवं करतात. दिरांनी तसं केलं मात्र, सासऱ्यांचे ओठ निळे पडले, हात हवेत काहीतरी धरायला लागले. दीर वाईट नव्हते. बापाची गती चुकेल या भीतीनं रडत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बाप गुदमरत होता.

आता आत्याबाई आभाळ फाडणार, असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. "खाली घेतलंस, बराबर केलंस. पण आडवंच घ्यावं असं कुणी सांगितलं रे?" असं म्हणून त्या भुईवर पाय पसरून बसल्या, भावाकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "टेकवा त्याला."

आम्ही टेकवलं. दोन म्हाताऱ्या पाठी एकमेकींना लागल्या. हळूहळू हात खाली आले, श्वास लांबला. बऱ्याच वेळानं सासरे म्हणाले, "आक्का... रुसलीस का?"

"व्हय. गप बस."

यानंतर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ज्यांची जीभ जेवतानाही थांबत नसे, त्या अंगणातलं ऊन सरेपर्यंत तसूभर हलल्या नाहीत. पाणी मी पाजलं तेवढंच. सासरे कधी गेले ते समोर बसलेल्या आम्हाला कोणालाच कळलं नाही. आत्याबाईंच्या पाठीला कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "आता आडवं घ्या. आता चालंल."

नंतर एकदा त्यांच्या पाठीला तेल चोळताना मी विचारलं, "आत्याबाई, तुमची वेळ येईल तेव्हा असं पाठीशी कोण बसणार?"

"तू. पण तुझी हाडं टोचतील, सूनबाई. रोजची भाकरी वाढव."

मी खरंच वाढवली.

काही वर्षांनी त्या धावड्याला लेकीकडे गेल्या होत्या. शेंगा फोडता फोडता धान्याच्या कणगीला टेकल्या, त्या टेकल्याच. सगळे म्हणाले, मरणाचं सोनं झालं, कोणाचा आधार लागला नाही. बरोबरच आहे त्यांचं. माझी पाठ मात्र तोवर चांगली रुंद झाली होती.