टप्प्यापुढचे तेरा यार्ड

आम्रपाली कुत्र्याला घाबरायची, लिफ्टला घाबरायची, कुकरच्या शिटीला घाबरायची. आणि फोन वाजला की मग तर विचारूच नका. वाजणाऱ्या फोनकडे ती अशी बघायची की मलाच धडकी भरायची. "उचल गो, चावतोय काय तो?" मी ओरडायचो. ती हात पुढे करेपर्यंत फोन बंद झालेला असायचा. भित्री भागूबाई म्हणायचो मी तिला, ऑफिसात, सगळ्यांसमोर. आता ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

ऑफिस म्हणजे रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ स्टेशनरीच्या दुकानावरची एक खोली. चार कम्प्युटर, एक पंखा, एक फोन. अमेरिकेतल्या लहान लहान कॉलेजांच्या फुटबॉलचे व्हिडिओ बघायचे, आणि चेंडू कुठून निघाला नि कुठे पोचला याच्या खुणा मैदानाच्या नकाशावर करायच्या. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंड्यासारखा लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं, असा तो प्रकार. आमच्या खुणांचे आकडे होतात आणि मुंबईच्या कंपनीकडून तिकडच्या कोचांकडे जातात.

मी तिथला तपासनीस, काशीराम. लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झालो. त्याशिवाय तीस वर्षं टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना अंपायर. म्हणजे खेळातलं आपल्याला सगळं कळतं, हे माझं मीच ठरवलेलं.

आम्रपाली मूळची अलोऱ्याची. वडील तिथल्या वीज प्रकल्पात क्लार्क होते. चांगली बी.ए. झालेली. आधी पतपेढीत काउंटरवर बसली, तर गिऱ्हाईक आवाज चढवून बोललं की हिला घाम फुटायचा. तीन आठवड्यांत सोडलं. मग शाळेत लागली, तर सातवीच्या पोरांना घाबरून स्टाफरूममध्ये बसून राहायची. नवरा प्रज्ञेश लोट्याला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. बाकी दिवस ही एकटी, दाराला दोन कड्या लावून.

पण आमच्याकडे कानाला हेडफोन लावला की बाई बदलायची. पाठ ताठ, बोटं झरझर. एकदा डबा खाताना म्हणाली, "काका, जगात ही एकच खुर्ची आहे जिथे मला भीती वाटत नाही. समोरचे सगळे सातासमुद्रापलीकडे. कोणी माझ्याकडे बघत नाही." मी हसलो होतो. पण खरंच, ही खुर्ची गेली तर तिला दुसरी नव्हती.

आता जे घडलं ते समजायला किकचं जरा सांगायला हवं. त्या खेळात संघाला पुढे सरकायला चार संधी. तिसरीतही जमलं नाही, तर चौथीला चेंडू लाथेने लांब उडवून देतात. चेंडू जातो समोरच्यांकडे, पण जितका लांब जाईल तितकं त्यांना मागून सुरू करावं लागतं. साधा किकर जागेवर उभा राहून उंच मारतो आणि पलीकडचा माणूस झेलतो. पण काही किकर रग्बीवाल्यासारखे आधी बाजूला पळतात. हा मारतोय की घेऊन पळतोय, कोणाला कळत नाही. मग पळता पळता खालून सणसणीत लाथ. चेंडू मोकळ्या जागेत पडतो आणि घरंगळत सुटतो. पलीकडचा हातसुद्धा लावत नाही, कारण लांबट चेंडू कुठे उसळेल नेम नाही. हात लागून निसटला तर मारणारेच उचलून नेतात. तो लांब उभा राहून नुसता बघतो, आणि चेंडू जातो पार त्यांच्या उंबऱ्यापर्यंत. मैदानावर यार्डांच्या रेघा असतात, त्या ह्या उंबऱ्यापासून मोजायच्या; आकडा जितका लहान तितका चेंडू उंबऱ्याजवळ.

खुणा करायच्या नियमांचं पुस्तक अठ्ठेचाळीस पानी, इंग्रजीत. मी पहिली दहा वाचली. क्रिकेटमध्ये टप्पा सीमेच्या आत की बाहेर यावर चौकार-षटकार ठरतो. सगळी मारामारी टप्प्यावरून. मी खुणा करणाऱ्या तिन्ही पोरींना सांगून टाकलं, "झेलला तर झेलला तिथे, नाही झेलला तर टप्पा पडला तिथे खूण."

पहिल्याच दिवशी आम्रपालीने हात वर केला होता. "काका, थांबला कुठे ते नको का?"

"तू अंपायर की मी?" मी म्हटलं. ती खाली बघायला लागली.

अशा खुणेनंतर कधी कधी पडद्यावर पिवळी रेघ यायची. काहीतरी जुळत नाही, असा इशारा. "दंडबिंड झाला असेल, दाबून टाक," मी सांगायचो. बाकीच्या दाबायच्या. आम्रपालीला पिवळ्या रेघेचीसुद्धा भीती. ती वहीत लिहून ठेवायची.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी तिने मला खुर्चीजवळ बोलावलं. चेहरा पांढराफटक.

"काका, हा अडतीस नंबरवाला किकर, पळत मारणारा. टप्पा पंचवीसवर, आपण खूण केली पंचवीसवर. पण समोरच्यांनी पुढचा डाव सुरू केला बारावरून. मधले तेरा यार्ड गेले कुठे?"

"दंड झाला असेल."

"अकरा वेळा?" तिने वही पुढे केली. त्या पोराच्या अकरा किका, आणि प्रत्येकीचे दहा, तेरा, पंधरा यार्ड आम्ही गिळलेले. मग एक हेडफोन माझ्या कानाला लावला. समालोचक सांगत होता, याच्या किका आखूड पडतात असं आकडे म्हणतात, कोच येत्या दोन आठवड्यांत याला संघाबाहेर बसवणार.

"काका, ते आकडे आपले आहेत," ती म्हणाली.

मी पुस्तक उघडलं. एकतिसाव्या पानावर सरळ लिहिलेलं, चेंडू थांबेल तिथे खूण. एक ओळ होती हो, एकच! ह्या वयात तपासनिसाची खुर्ची गेली तर घरी सांगणार काय? तीस वर्षांचा अंपायर, आणि चेंडू कुठे थांबतो ते कळलं नाही?

"गप्प बस," मी दबक्या आवाजात म्हटलं. "आजपासून बरोबर करू. मागचं कोण बघायला येतंय? सांगितलंस तर पहिली तू जाशील. खुणा तुझ्या लॉगिनने आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण तो बसेल ना हो बाहेर. त्याला कळणारसुद्धा नाही, का बसवलं ते."

मुंबईला चार ओळींची मेल लिहायला तिला दुपार झाली. लिहायची, पुसायची, उठून खिडकीशी जायची, परत यायची. मी मागून म्हणत होतो, नको, आम्रपाली, नको. तिने डोळे मिटले आणि पाठवली.

अर्ध्या तासात फोन वाजला. मी टेबलाखाली काहीतरी शोधत असल्यासारखा वाकलो. तिने फोन उचलला आणि स्पीकरवर ठेवला. मुंबईचे नितेश सर होते.

"टप्प्यावर खूण करायची हे ठरवलं कोणी?"

मी वर आलो. तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं, पण जीभ टाळूला चिकटलेली. आम्रपालीने माझ्याकडे एकदाच बघितलं.

"खुणा माझ्या नावावर आहेत, सर," ती म्हणाली. आवाज इतका कापत होता की सरांनी पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा सांगितलं. "आकडे दुरुस्त होतील ना, सर?"

"आकडे दुरुस्त होतील," सर म्हणाले. "तुमचं लॉगिन आजपासून बंद."

तिने हेडफोनची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली, डबा पिशवीत टाकला आणि मला "येते, काका" म्हणून जिना उतरली. पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ऑफिसात फोन वाजला की मीच दचकायला लागलो.

पुढच्या सोमवारी तिच्या कम्प्युटरवर मी बसलो. अडतीस नंबरचा सामना लावला, तो दिसेपर्यंत जीव टांगणीला. आणि आला मेला! उजवीकडे चार पावलं पळाला आणि लाथ. चोवीसवर टप्पा. चेंडू उसळला, वळला, घरंगळत निघाला. पलीकडचा दोन्ही हात हलवून आपल्याच पोरांना दूर पिटाळतोय. अठरा, बारा, नऊ. सहावर थांबला. समोरच्यांना दारातच कोंडल्यासारखं झालं. तीनदा धडपडले, जागचे हलले नाहीत, शेवटी तिथूनच चेंडू उडवून दिला, आणि ह्या पोराच्या संघाला तो अर्ध्या मैदानात आयता मिळाला. मी सहावर खूण केली. पिवळी रेघ आली नाही.

मी लगेच आम्रपालीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"खेळला का हो काका?"

"खेळला गो! त्याने काय केलंन् माहितीय? चोवीसवरून सहावर नेऊन ठेवलंन्!"

ती हसली की रडली, कळलं नाही. मग म्हणाली, "तुम्ही नंतर सांगितलंत ना सरांना, नियमाचं?"

टोमणा नव्हता तो. सांगितलंच असणार, असं ती धरून चालली होती.

"हो, म्हणजे काय. सांगितलं की," मी म्हटलं.

"भीती वाटली?"

"वाटली."

"मला पण. पण घरी येऊन पोटभर भात खाल्ला त्या दिवशी. तुम्ही जेवलात ना?"

मी फोन ठेवला. मेल उघडली आणि लिहिलं की टप्प्याचा नियम माझा, एकतिसावं पान मी वाचलं नव्हतं, आम्रपालीने पहिल्याच दिवशी बरोबर विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं. तिची खुर्ची तिला परत द्या, माझी गेली तरी चालेल. शेवटचं वाक्य दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा तसंच राहू दिलं. पाठवली.

वीस मिनिटांनी फोन वाजला. बाकीच्या दोघी पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. फोन वाजतच होता. बंद पडायच्या आत मी उचलला.