पाचव्या भागात तूर नव्हती

वडनेर भोलजीत पुष्पांजलीचं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराईत ती नवऱ्या सजवते आणि दिवाळीनंतर माणसं मारते. तिनं मोबाइलवर काढलेल्या ‘धुऱ्यावरचा माणूस’ या सिनेमाचे चार भाग गावानं पारासमोर चादर बांधून पाहिलेत. तोंडाला बारदाना गुंडाळलेला एक माणूस विळा घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेतात येतो आणि एकट्यादुकट्याचा गळा कापतो, एवढीच गोष्ट. रक्त ती गुळाच्या पाकात कुंकू कालवून करते.

मारेकरी म्हणजे कडूबाकाका. साठीचे, घरी कोंबडी कापतानाही तोंड फिरवणारे. चालताना त्यांचा डावा खांदा खाली जातो. उंच तुरीतून तेवढा खांदा सरकताना दिसला की पारावरच्या बाया एकमेकींचे हात धरायच्या.

चौथा भाग इतका गाजला की लोक बाजारात अडवून पुढचा कधी म्हणून विचारू लागले. पुष्पांजलीला धीर निघाला नाही. दरवर्षी तूर डोक्यावर गेली की शूटिंग व्हायचं, यंदा तिनं ते चैत्रातच उरकलं. शेतं नांगरून मोकळी पडलेली. आपण निभावून नेऊ, असं तिला वाटलं.

पारावर पाचवा भाग लागला. काका दोन शेतांपलीकडूनच दिसायला लागले. ढेकळांतून ठेचकाळत ते येत राहिले आणि समोर उभी दीपमाला, या भागात मरणारी, त्यांना न पाहिल्यासारखं करत, ओढणी नीट करत राहिली. मग ते एका बाभळीमागे लपले. बाभूळ हातभर रुंद, काका दोन हात.

“पय वं माय, अर्ध्या घंट्यात पोचते तो,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळा पार हसला. पारावर बसलेली दीपमालाही हसली. काका मधूनच उठून गेले.

सकाळी पार्लरच्या पायरीवर बारदाना आणि विळा ठेवलेला होता. पुष्पांजली समजली. दुसऱ्या कुणाच्या तोंडाला तो बारदाना गुंडाळून भागणार नव्हतं. काका नाहीत, तर सिनेमाही नाही.

मेकअप उतरला तर ती नवरीच्या चेहऱ्याला दोष देत नाही. ती तडक काकांच्या शेतात गेली.

“माहा भेवच राह्यला नाही पुष्पे,” काका म्हणाले. “लेकरं हासून राह्यली होती.”

“तुम्ही नाही चुकले काका, मी चुकले. तुमच्या भेवात अर्धी तूर होती. मी तिच्याशिवायच तुम्हाले उभं केलं.”

काकांनी पायानं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, “मले शूटिंगच्याच दिवशी दिसलं होतं. पण बोललो नाही, तू म्हणशीन, काका कामाले कंटायले.”

त्या संध्याकाळी पारावर तिनं सरळ सांगितलं की पाचवा भाग फसला, चूक तिची आहे आणि तूर उभी राहिल्याशिवाय सहावा निघणार नाही. या वेळी कोणी हसलं नाही. उलट कोणाच्या शेतातली तूर उंच होते यावर वाद सुरू झाला.

मृगात काकांनी तूर पेरली. धुऱ्यापासून चौथ्या ओळीनंतर त्यांनी एक पट्टा मोकळा सोडला, कॅमेरा मावेल एवढा. पुष्पांजली पाहायला आली तेव्हा त्यांनी हातानंच दाखवलं, इथून निघेन मी.

“अन् बारदाना धुऊन ठेव,” ते म्हणाले. “गुळाले मुंग्या लागते.”