शेंडीचा नारळ आणि आकाशातल्या विहीणबाई

माझी आणि माझ्या विहीणबाईंची पहिली भेट एका दोरीवर झाली. म्हणजे दोरीवर त्या होत्या, हेलिकॉप्टरला लटकून खाली येत होत्या. मी खाली आल्प्समधल्या एका घळीत, रबरी कपडे घालून, खडकाला मिठी मारून बसले होते. नमस्कार करायला हात मोकळे नव्हते!

(लग्न जमवताना पहिली भेट लक्षात राहण्यासारखी व्हावी, असं सगळेच म्हणतात. आमच्या भेटीला पोलीससुद्धा आले होते.)

झालं असं, की आमची सायली ऑस्ट्रियात गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली आणि तिथल्याच लुकास नावाच्या मुलावर तिचं मन जडलं. मुलगा उंच, सज्जन आणि आमटी-भात हाताने खाणारा. त्याला मी व्हिडिओ कॉलवरच पास करून टाकलं. राहिली होती त्याची आई, हेल्गाबाई. आम्ही दोघं तिकडे पोचलो त्या दिवशीच सायलीने बजावलं.

"आई, त्यांनी एकटीने लुकासला वाढवलंय. फार कडक आहेत. त्यांना शांत, नीटनेटकी माणसं आवडतात. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचंय. तुम्ही त्यांना आवडायलाच हवंत. प्लीज, काही गोंधळ नको."

"गोंधळ? आपण?" मी म्हटलं.

हेल्गाबाई करतात काय, असं विचारल्यावर कळलं, की गावच्या डोंगरातल्या बचाव पथकाच्या त्या प्रमुख आहेत. आमच्या ह्यांनी लगेच अर्थ लावला, "म्हंजी फायरवाल्या. आमच्या कंपनीत बी हायेत. दिसभर बसूनच आस्त्यात."

आमचे हे चाकणजवळच्या खेड्यातले. घरी कांद्याची शेती, पण ह्यांचा उभा जन्म कारखान्यात क्वालिटीत गेला. पार्ट हातात घ्यायचा, हलवायचा, ठोकायचा, कानाला लावायचा आणि म्हणायचं, "पास!" नाहीतर, "रिजेक्ट!" ही सवय कंपनीच्या बसमधून रोज घरी येते. कलिंगड, माठ, शेजाऱ्यांची नवी खुर्ची, काही सुटत नाही. (मला बघायला आले तेव्हा ठोकून बघितलं नाही, एवढंच.) मी पुनावळ्यात ब्लाउज शिवते. दुकानाला पाटी लावायचं ह्यांच्या डोक्यात आहे. गेली कित्येक वर्षं ते तिथेच आहे.

पुनावळ्याहून निघताना सासूबाईंनी ओटीचं सामान बांधून दिलं होतं. हिरवा खण, बांगड्या, तांदूळ, हळद-कुंकवाच्या डब्या आणि शेंडीचा एक नारळ. "विहिणीची ओटी भरल्याबगर येऊ नगं," त्या म्हणाल्या. "आन् येक ध्यानात ठेव. परक्या नदीत पाय घालायच्या आदी तिची बी ओटी भर. पानी अनोळखी आसतं." आता ओट्या दोन आणि नारळ एक, हा घोळ तेव्हाच दिसायला हवा होता. पण बॅगेच्या वजनात दुसरा नारळ बसेना. (ह्यांच्या लसणीच्या चटणीचा डबा मात्र बसला.)

घळीचं निमंत्रण आलं ते ह्यांच्याच तोंडामुळे. व्हिडिओ कॉलवर ह्यांनी लुकासला छाती ठोकून सांगितलं होतं, "आमी मावळची मान्सं! दऱ्याखोरी कोळून प्यालोय!" (चाकण मावळात येत नाही, आणि सोसायटीत हे पहिल्या मजल्यावरही लिफ्टने जातात.) लुकासने ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी तो लोकांना घळीतून उतरवण्याचं कामही करतो. म्हणून जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याने आम्हाला आनंदाने आपल्या आवडत्या घळीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं.

"इथं करायचं काय?" मी विचारलं.

"वरून आत शिरायचं आणि ओढ्याबरोबर खाली यायचं," सायली म्हणाली. "धबधबा आला की दोरीने उतरायचं, नाहीतर उडी मारायची, नाहीतर घसरायचं."

"बाजूने वाट नाही?"

"आहे की, छान आहे."

"मग?"

सायलीने माझ्या हातात हेल्मेट ठेवलं.

मग आला रबरी पोशाख! जन्मभर मी बायकांना सांगत आले, 'वहिनी, थोडा सैल ठेवते हं, श्वास घेता आला पाहिजे.' त्या सगळ्या श्वासांचा सूड त्या पोशाखाने माझ्यावर उगवला. ना हूक, ना काज, ना कुठे शिवणीत अर्धा इंच माया सोडलेली. सायली आणि लुकासने दोन्हीकडून ओढून मला त्यात भरलं. हे आधीच भरून तयार होते. वर लाल हेल्मेट. दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो, की माझ्या पाठीची चेन पुन्हा उघडली.

लुकास पाठमोरा होऊन दोर बांधायला लागला तशी मी सायलीच्या पिशवीतून ओटी काढली.

"आई! इथे नको!"

"पाणी अनोळखी आहे, सायली."

"अगं, तो लुकासच्या आईचा नारळ आहे!"

"उद्यापर्यंत दुसरा मिळेल. नारळाला काय तोटा?" (त्या गावात नारळ मिळत नाही. कधीच मिळत नव्हता.)

ह्यांनी सवयीने नारळ कानाशी धरून हलवला. "पानी वाजतंय. पास."

मी नारळाला हळद-कुंकू लावायला गेले, तर ओल्या हातातून डबी निसटली आणि सगळं कुंकू नारळावर सांडलं. पुसायला वेळ नव्हता. खणात तांदूळ आणि बांगड्या बांधून तो खण नारळाच्या शेंडीखाली गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि नारळ पाण्यावर ठेवला. "बाई गं, माझी माणसं तुझ्या अंगाखांद्यावर उतरतायत. सांभाळ." खरं सांगते, त्या क्षणी मला भरून आलं होतं. नारळाने एक गिरकी घेतली, शेंडी वर करून आमच्याकडे एकदा पाहिलं आणि धबधब्यावरून दिसेनासा झाला. ना दोर, ना हेल्मेट!

"बघा बाबा, तो गेलासुद्धा," सायली म्हणाली. "आता तुम्ही."

मावळची मान्सं खाली डोकावली आणि मागे सरकली.

"काय झालं, अहो?"

"काई न्हाई. पान्याची क्वालिटी बघतोय."

"उडी कधी मारणार?"

"आदी तू. लेडीज फष्ट."

मग मीच गेले! एका गुळगुळीत खडकावर लुकासने मला आडवं केलं, हात छातीवर ठेवायला सांगितले (मला वाटलं, इतक्यात?) आणि सोडून दिलं. आई गं! वरचं आभाळ पळालं, पाणी तोंडात गेलं, आणि मी खालच्या हिरव्यागार डोहात अशी आपटले की दोन्ही बाजूंचे कडे दणाणले. वर आले ती ओरडतच, "पुन्हा! मला पुन्हा जायचंय!" जन्मात कधी जत्रेतल्या पाळण्यात न बसलेली बाई मी. ह्यांनी ते ऐकलं, अपमान गिळला, एक पाऊल पुढे टाकलं आणि घसरून पडले. ह्याला ते आजही 'उडी' म्हणतात.

आम्ही असे एकेक धबधबा खिदळत उतरत होतो, तेव्हा खाली काय चाललंय ह्याची आम्हाला कल्पना नव्हती. ते नंतर कळलं. घळीच्या खालच्या तोंडाशी एक पूल आहे. तिथे उभे राहून पर्यटक फोटो काढतात. त्यांना आधी पाण्यावर लाल तवंग दिसला. मग पाण्याबरोबर हेलकावत एक केसाळ डोकं आलं. ते रक्ताने माखलेलं होतं आणि गळ्याशी हिरवं कापड गुंडाळलेलं होतं. पुलाखालच्या दोन दगडांत ते अडकलं आणि तिथेच मान हलवत राहिलं. एका बाईने किंकाळी फोडली, एकाने फोन लावला, आणि घळीत अपघात झाल्याची वर्दी गेली.

इकडे आमच्या डोक्यावर घरघर सुरू झाली. कड्यांच्या फटीतून पिवळं हेलिकॉप्टर दिसलं.

"आगं, बघ!" हे हरखून गेले. "जावयानं काय थाट केलाय! वरनं फुलं टाकत्यात का काय!" आणि दोन्ही हात उंच करून, नाचून नाचून हलवायला लागले.

"बाबा, नको! हात खाली!" सायली ओरडली. "दोन्ही हात वर म्हणजे 'आम्हाला वाचवा'!"

"आँ?" ह्यांनी हात आणखी वर केले.

हेलिकॉप्टर थांबलं. दार उघडलं. दोरीवरून नारिंगी जाकिटातली एक उंच बाई सरसर खाली येऊ लागली.

लुकास म्हणाला, "ममा?"

मी खडकाला मिठी मारली ती ह्याच वेळी. भीतीने नव्हे, लाजेने. सिल्कची साडी, मोत्यांचे कानातले, पाठ केलेली चार जर्मन वाक्यं, सगळं खोलीवर होतं. आणि विहीणबाईंपुढे मी होते रबरात, अर्धी चेन उघडी.

आमच्या पुढच्या खडकावर उतरून हेल्गाबाईंनी आधी मुलाला बघितलं, मग आम्हा प्रत्येकाचं डोकं हाताने चाचपलं. मग पुन्हा चाचपलं. सायलीला काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, आपल्यातलं कोण कमी आहे?"

"कुणी नाही."

"त्या म्हणतात, नक्की आठवा."

"अगं, आठवायचं काय? चौघं आलो, चौघं आहोत!"

इतक्यात त्यांच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. पुलाखाली गेलेली पथकातली माणसं बोलत होती. हेल्गाबाई ऐकू लागल्या. सायली ऐकू लागली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणतायत?"

"डोकं सापडलं म्हणतायत."

ह्यांनी पटकन स्वतःचं डोकं धरलं.

वायरलेस पुन्हा खरखरला. सायलीचा चेहरा पांढऱ्याचा गुलाबी झाला. "म्हणतात... डोक्याला तीन डोळे आहेत."

मी खडकाला आणखी घट्ट धरलं.

"आणि... हलवलं की आतून पाणी वाजतंय."

"मग!" हे अभिमानाने म्हणाले. "मी वरच पास केलावता!"

सायलीने सगळं समजावून सांगितलं. नदी, ओटी, सासूबाई, कुंकू. हेल्गाबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी वायरलेसवर दोन शब्द सांगितले, माझ्या पाठीची चेन वर ओढून लावली आणि आल्या तशा आभाळात निघून गेल्या.

आम्ही बाजूच्या छान वाटेने खाली आलो. पुलावर पोलीस होते, पांढरी चादर होती, आणि लोक आमच्याकडे बघत होते.  घरी आल्यावर सायली म्हणाली, "संपलं, आई."  माझ्या हातानेच पोरीचं लग्न मोडलं मी! नदीला 'सांभाळ' म्हटलं, त्याऐवजी कुंकवाची डबी सांभाळली असती तर बरं झालं असतं.  ह्यांनी तर चटणीच्या डब्यालासुद्धा हात लावला नाही.

रविवारी आम्ही वेळेच्या इतके आधी पोचलो, की कुंपणाबाहेर उभे राहिलो. दार हेल्गाबाईंनीच उघडलं. टेबलावर काटे-चमचे, सूप, आणि मधोमध पारदर्शक पिशवीत, चिठ्ठी लावलेला माझा नारळ! शेजारी खण, बांगड्या आणि ओले तांदूळ, वेगळ्या पिशवीत.

माझी चारही जर्मन वाक्यं पळून गेली. हेल्गाबाईंनी नारळाकडे बोट दाखवून सायलीला विचारलं.

"त्या विचारतायत, हा मुळात कुणासाठी आणला होता?"

"तुमच्यासाठी," मी मराठीतच त्यांना म्हणाले. "पण तुमची नदी अनोळखी होती. माझी माणसं तिच्यात उतरणार होती. मला भीती वाटली."

सायलीने सांगितलं.  हेल्गाबाईंचे ओठ थरथरले. मला वाटलं, आता रडतात. आणि त्या हसल्या! कमरेत वाकून, टेबल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! त्या काय बोलतायत ते सायली हसत हसत सांगू लागली. कालपासून हसू दाबून ठेवलं होतं, गणवेशात हसता येत नाही म्हणून. पथकातला सगळ्यात धिप्पाड गडी शेंडीला हात लावायला तयार होईना. डॉक्टरने तर नाडी कुठे बघायची म्हणून मान शोधली!

हसू ओसरल्यावर मी सासूबाईंना फोन लावला. नदीला दिलेला नारळ विहिणीच्या ओटीत चालतो का?

"नदीनं सोताहून परत दिला ना? मंग परसादच हाय त्यो. भर बिनघोर!"

हेल्गाबाईंना पदर कुठला? त्यांनी खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढलं, दोन्ही हातांनी पुढे पसरलं. त्या बचावाच्या जाकिटात मी खण, बांगड्या, तांदूळ आणि तो नारळ घातला.  हेल्गाबाईंनी नारळ उचलला, ह्यांच्याकडे बघितलं, कानाशी नेऊन हलवला आणि मान डोलावली. पास!

लग्न झालं. पोरगी सुखात आहे. विहीणबाई मला अधूनमधून फोटो पाठवतात. परवा एक आला, घळीच्या तोंडाशी नवी पाटी लावलीय तिचा. पाटीवर तीन चित्रं आणि तिन्हींवर लाल फुली. पहिलं मोकळ्या कुत्र्याचं, दुसरं शेकोटीचं. तिसऱ्यात एक गोल वस्तू आहे, तिला तीन ठिपके आणि डोक्यावर शेंडी.

ह्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ तपासला आणि म्हणाले, "शेंडी झ्याक काढलीय."

पुनावळ्यात माझ्या दुकानाला अजून पाटी नाही. पण आल्प्समध्ये आहे!